मेथीची पूड पाच टक्के, पण उंदराच्या पोटात किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विस्टार जातीच्या नर उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिनचे ५५ मिलिग्रॅम प्रति किलो असे एकच इंजेक्शन देऊन मधुमेही केले आणि नंतर २८ दिवस त्यांच्या खाद्यात ५ व १० टक्के मेथीपूड मिसळून दिली. १० टक्क्यांच्या गटात रक्तशर्करा चांगली उतरली, पण त्या गटाचे वजन नुसते मधुमेही ठेवलेल्या गटापेक्षाही कमी भरले. आता मार्गदर्शकांनी मात्रा मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये लिहायला सांगितली आहे. ती कशी काढायची, आणि सगळा प्रयोग पुन्हा गॅव्हाजने, म्हणजे नळीने थेट जठरात औषध देऊन, करावा लागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

वनस्पतिजन्य औषधांवर काम करताना हा पेच माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की उत्तर जरा सविस्तर देतो. टक्क्यांचे मिलिग्रॅम करणे हे त्रैराशिकाचे काम आहे आणि ते पुढे करून दाखवतो. खरी अडचण तुमच्या तक्त्यातल्या वजनाच्या रकान्यात आहे. शर्करा उतरली ती मेथीमुळे, की मेथीच्या कडवटपणामुळे उंदीर अर्धपोटी राहिले म्हणून, हे तुमच्या आजच्या माहितीवरून सांगता येत नाही, आणि परीक्षक नेमके तेच विचारणार आहेत.

आधी हिशोब. २५० ग्रॅम वजनाचा निरोगी उंदीर दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम खाद्य खातो. १८ ग्रॅम धरू. त्यात ५ टक्के मेथी म्हणजे ०.९ ग्रॅम, अर्थात ३.६ ग्रॅम प्रति किलो. मधुमेही उंदराचे ग्लुकोज लघवीवाटे वाहून जात असते, त्यामुळे तो सतत भुकेला असतो आणि दिवसाला ३० ते ४० ग्रॅम सहज फस्त करतो. त्याचे वजन २२० ग्रॅम आणि खाणे ३५ ग्रॅम धरले, तर त्याच ५ टक्क्यांच्या खाद्यातून १.७५ ग्रॅम मेथी त्याच्या पोटात जाते, म्हणजे जवळजवळ ८ ग्रॅम प्रति किलो. एकाच डब्यातले खाद्य, डब्यावर एकच चिठ्ठी, आणि मात्रा दुपटीहून जास्त. तेव्हा 'निरोगी अधिक मेथी' आणि 'मधुमेही अधिक मेथी' या दोन गटांना सारखीच मात्रा मिळाली असे प्रबंधात लिहिले, तर ते चूक ठरेल. उलट बाजूने, दोघांनाही १ ग्रॅम प्रति किलो द्यायचे असेल तर निरोगी उंदराच्या खाद्यात सुमारे १.४ टक्के आणि मधुमेही उंदराच्या खाद्यात सुमारे ०.६ टक्के मेथी मिसळावी लागेल.

यात आणखी एक गाठ आहे, ती पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. पूरक खाद्य खरोखर लागू पडले, तर उंदराची शर्करा उतरते, भूक आवरते, तो कमी खातो आणि त्याच्या पोटात जाणारी मात्राही आपोआप घटते. पहिल्या आठवड्यातली मात्रा चौथ्या आठवड्यात राहत नाही. यावर दोन मार्ग आहेत. दर आठवड्याला टक्केवारी बदलून मात्रा स्थिर ठेवावी, किंवा टक्केवारी स्थिर ठेवून प्रत्येक आठवड्यात प्रत्यक्ष किती मात्रा गेली ते मोजून नोंदवावे. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण टक्केवारी बदलली की खाद्यातले तंतू, प्रथिने आणि उष्मांकही बदलतात, आणि मग नेमका कशाचा परिणाम मोजतो आहोत ते आपल्यालाच कळेनासे होते.

हे सगळे खाद्य नीट मोजले असेल तरच. दाणीत टाकलेल्यातून उरलेले वजा केले की झाले, असे नाही. उंदीर नावडते खाद्य खात नाहीत, पण उकरून खाली पाडतात. मधुमेही उंदराचा पिंजरा लघवीने भिजलेला असतो, त्यामुळे खाली सांडलेला चुरा भिजून जड होतो आणि तो तसाच तोलला की आकडा फसवतो. सांडलेले गोळा करून, वाळवून, मग तोलावे. भुकटी उघड्या वाटीत देण्यापेक्षा कांड्या करून जाळीच्या दाणीत दिल्या तर सांडलवंड पुष्कळ कमी होते.

आता कडवटपणाविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी तेव्हा ज्या संस्थेत होतो तिथे, आम्ही सुकवलेल्या कारल्याची पूड खाद्यात १० टक्के मिसळली होती. तिसऱ्या आठवड्यात शर्करा इतकी झपाट्याने उतरली की पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. प्राणीगृह सांभाळणारे काका दोन दिवस आमचा उत्साह बघत होते. मग म्हणाले, "सर, हे तं खाऊनच नाही राहिले, नुस्तं उकरून राहिले." आम्ही शर्करा रोज बघत होतो आणि खाद्य आठवड्यातून एकदा तोलत होतो, तेही पिंजऱ्याखालचा चुरा न मोजता. नंतर मधुमेही उंदरांचा एक जादा गट घेतला आणि त्यांना साधेच खाद्य, पण कारल्याचा गट जेवढे खात होता तेवढेच दिले. त्यांचीही शर्करा जवळजवळ तितकीच उतरली. जो फरक उरला तो छापण्यासारखा नव्हता.

यात आश्चर्य काही नाही. स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केलेल्या उंदराला इन्शुलिन फारच थोडे उरलेले असते, त्यामुळे त्याची शर्करा तो काय आणि किती खातो यावर पुष्कळ अवलंबून असते. खाणे निम्मे केले की कोणत्याही औषधाविना आकडा खाली येतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना वजन आणि पाणी हे दोन रकाने शर्करेच्या आधी वाचायला सांगतो. मधुमेह खरोखर आटोक्यात येतो तेव्हा शर्करा उतरते, पाणी पिणे कमी होते, लघवी कमी होते आणि वजनाची घसरण थांबते किंवा वजन वाढू लागते, कारण वाया जाणारे ग्लुकोज शरीराला लागू लागलेले असते. शर्करा आणि वजन दोन्ही एकदम खाली येत असतील, तर पहिला संशय उपासमारीवर घ्यावा आणि दुसरा विषारी परिणामावर. तुमच्या १० टक्क्यांच्या गटाचे चित्र दुर्दैवाने असेच दिसते.

यावरचा उपाय वर सांगितलेला जोडगट. मेथीच्या गटातल्या प्रत्येक उंदराला त्याच वजनाच्या आसपासचा एक मधुमेही उंदीर जोडावा, आणि पहिल्याने काल जेवढे खाल्ले तेवढे साधे खाद्य दुसऱ्याला आज द्यावे. एक दिवसाचे अंतर राहते, त्याने बिघडत नाही. मात्र जोडगटातले उंदीर भुकेले असल्याने मिळालेले सगळे एका बैठकीत संपवतात आणि मग तासन्‌तास उपाशी असतात. सकाळी शर्करा मोजली की ते अधिक काळ उपाशी असल्याने त्यांचा आकडा कमी येतो. म्हणून दिवसाचे खाद्य दोन वेळा विभागून द्यावे आणि मोठा वाटा संध्याकाळी द्यावा, कारण उंदीर मुख्यतः रात्री खातो.

कडवटपणाइतकाच महत्त्वाचा मुद्दा खाद्याच्या घडणीचा आहे. मेथीदाण्यात सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात आणि जवळजवळ निम्मा हिस्सा तंतुमय पदार्थांचा असतो. त्या तंतूंतला मोठा भाग गॅलॅक्टोमॅनन हा पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा विद्राव्य तंतू आहे. तो जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि आतड्यातून ग्लुकोज शोषले जाण्याचा वेगही. मेथीतले ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसिन हे अमिनो आम्ल ग्लुकोजच्या उपस्थितीत इन्शुलिनचा स्राव वाढवते, हे खरे. पण तुमच्या उंदरांवर दिसलेला परिणाम त्याचा होता की केवळ बुळबुळीत तंतूंचा, हे वेगळे काढायचे असेल तर तसा गट आधीच ठेवावा लागतो. मी यासाठी गवार गम वापरतो. गवारीच्या बियांतला हा डिंकही गॅलॅक्टोमॅननच आहे, कुठल्याही रसायन विक्रेत्याकडे मिळतो आणि स्वस्त असतो. तुमच्या मेथीतून जेवढे विद्राव्य तंतू जातात तेवढा गवार गम एका मधुमेही गटाच्या खाद्यात घाला. दोन्ही गटांची शर्करा सारखीच उतरली, तर मेथी तंतूंमार्फत काम करते असे प्रामाणिकपणे लिहा. मधुमेह्याच्या आहाराच्या दृष्टीने तो निष्कर्षही कमी मोलाचा नाही. फक्त 'इन्शुलिनस्रावक औषध' असा दावा त्यावर उभा राहत नाही.

नियंत्रण गटाचे खाद्यही त्याच प्रक्रियेतून गेले पाहिजे. मेथीच्या गटासाठी तयार कांड्या दळून, पूड मिसळून, पाण्याने भिजवून पुन्हा कांड्या पाडल्या आणि नियंत्रण गटाला मात्र पोत्यातल्या मूळ कांड्या दिल्या, तर तुम्ही दोन वेगळ्या खाद्यांची तुलना करता. आम्ही मळलेले खाद्य शेवेच्या सोऱ्यातून जाड जाळी लावून काढतो, इंचभर तुकडे करतो आणि ४५ ते ५० अंशांवर सुकवतो. नियंत्रण गटाचे साधे खाद्यही याच सोऱ्यातून जाते. मेथी किराणा दुकानातली खाण्याची घ्या. कृषी केंद्रात मिळणाऱ्या पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असू शकते. सगळ्या प्रयोगाला पुरेल इतकी एकाच वेळी घ्या, एकाच चाळणीतून काढा, आणि वनस्पतिशास्त्र विभागाकडून नमुना ओळखवून त्याचा क्रमांक जपून ठेवा. तयार कांड्यांचा साठा मात्र आठवड्यापुरताच करा.

नागपूरचे हवामान इथे दोनदा आडवे येते. प्राणीगृहाचे तापमान १८ ते २९ अंशांच्या दरम्यान राखावे अशी मार्गदर्शक सूचना आहे, आणि बाहेर नवतप्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असताना दुपारी दोन तास वीज गेली की ती पाळणे केवळ कागदावर राहते. तापलेला उंदीर खाणे कमी करतो. त्या आठवड्यात सगळ्याच गटांची शर्करा उतरलेली दिसेल आणि मेथीच्या गटाची थोडी जास्तच, कारण तिथे खाद्य मुळातच नावडते होते. दुसरा अडथळा मृगाच्या पावसानंतरच्या दमटपणाचा, आणि उन्हाळ्यात वाळ्याच्या कूलरवर विसंबले तर त्या ओलाव्याचाही. हाताने केलेल्या कांड्यांत पाण्याचा अंश जास्त राहतो, बुरशी लवकर धरते, आणि अ‍ॅफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने यकृत बिघडलेल्या उंदराचा रक्ततपासणी अहवाल कशाचाच पुरावा राहत नाही. शक्य असेल तर असा प्रयोग मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आखतो.

पूरक खाद्य सुरू कधी करायचे, यातही खाचाखोचा आहेत. उंदराला ओकता येत नाही, म्हणून निसर्गाने त्याला नव्या खाद्याबद्दल कमालीचे संशयी केले आहे. नवी चव चाखल्यावर तो आजारी पडला, तर त्या चवीकडे तो पुढे फिरकतही नाही. स्ट्रेप्टोझोटोसिननंतरचे काही दिवस उंदीर मलूल असतो. नेमक्या त्याच दिवसांत मेथी पुढे केली तर आजाराचा दोष तो मेथीला देतो. म्हणून हाताने केलेल्या साध्या कांड्यांची सवय इंजेक्शनच्या आठवडाभर आधी लावावी, इंजेक्शननंतर ७ दिवस थांबावे, आणि मग मेथी पहिल्या दिवशी पाव, नंतर निम्मी, असे करत चार दिवसांत पूर्ण मात्रेवर न्यावी.

काही जण याच कारणासाठी मेथी इंजेक्शनच्या आधीपासूनच सुरू करतात. त्यात वेगळाच धोका आहे. स्ट्रेप्टोझोटोसिनच्या रेणूला ग्लुकोजचा भाग जोडलेला असतो आणि तो ग्लुट-२ या वाहकामार्फत स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत शिरून तिच्या डीएनएची मोडतोड करतो. आधीपासून दिलेला एखादा ऑक्सिडीकरणरोधक पदार्थ त्या हानीलाच आडवा येऊ शकतो. मग उंदीर मधुमेही होत नाहीत आणि आपण समजतो की मधुमेह बरा झाला. विष उतरवणे आणि रोग आवरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या ५५ मिलिग्रॅमच्या मात्रेबद्दल मार्गदर्शकांशी बोला. प्रौढ उंदरात इतक्या मात्रेने बीटा पेशींचा मोठा भाग नष्ट होतो. इन्शुलिनचा स्राव वाढवतो असा दावा असलेल्या वनस्पतीला मग काम करायला पेशीच उरत नाहीत. अशा उंदरांत इन्शुलिनचा स्राव वाढवणारे ग्लिबेनक्लामाइड हे औषधसुद्धा तोकडे पडते, आणि तुलनेसाठी तेच घेतले असेल तर दोन्ही गट निष्प्रभ दिसतात. स्रावाचा प्रश्न विचारायचा असेल तर आधी निकोटिनामाइड देऊन काही पेशी वाचवण्याची पद्धत वापरतात. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. इन्शुलिनरोधाचा, म्हणजे इन्शुलिन असूनही ते नीट लागू न पडण्याचा, प्रश्न असेल तर स्निग्ध आहार आणि ३५ मिलिग्रॅमची कमी मात्रा ही मोहालीच्या नायपर या राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थेतून २००५ मध्ये आलेली पद्धत अधिक योग्य आहे. तंतूंमुळे शोषण मंदावते एवढेच दाखवायचे असेल, तर तुमची पद्धत चालेल. कुठली पद्धत बरोबर हे तुमचा दावा काय आहे त्यावर ठरते, त्यामुळे सरसकट उत्तर मी देत नाही.

मोजमापाबद्दल थोडक्यात. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी शर्करा मोजणे ही माणसांची पद्धत आहे. रात्री खाणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तो जवळजवळ दिवसभराचा उपास होतो आणि तीव्र मधुमेही उंदराला तो झेपत नाही. सकाळी खाद्य काढून ४ ते ६ तासांनी मोजा. ग्लुकोमीटर बहुधा ६०० मिलिग्रॅमच्या वर आकडा न देता 'हाय' दाखवतो. तिथे ६०० लिहू नका, सीरम पातळ करून प्रयोगशाळेत मोजा. उंदराच्या तांबड्या पेशी सुमारे ६० दिवस जगतात, म्हणून २८ दिवसांच्या प्रयोगात ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिनमधला, म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनमधला, बदल अर्धामुर्धाच दिसतो. तो फारसा बदलला नाही म्हणून निराश होऊ नये.

संख्याशास्त्राचा एक मुद्दा मात्र टाळता येणार नाही. एका पिंजऱ्यात तीन उंदीर असतील, तर खाद्याचा आकडा पिंजऱ्याचा असतो, उंदराचा नव्हे. सहा उंदरांच्या गटात मग तुमच्याकडे मात्रेचे सहा नव्हे, दोनच आकडे आहेत. पिंजऱ्याची सरासरी प्रत्येक उंदराच्या नावावर लिहून सहा आकडे दाखवणे चूक आहे. एकेक उंदीर वेगळा ठेवला तर आकडे मिळतात, पण उंदीर कळपात राहणारा प्राणी आहे आणि एकट्याने ठेवण्याचे कारण नैतिकता समितीला पटवून द्यावे लागते. दिवसभर एकत्र ठेवून आठवड्यातून दोन रात्री वेगळे करून मोजणे, ही तडजोड मला व्यवहार्य वाटली आहे.

आता गॅव्हाज की खाद्य. अर्काची मात्रा वाढवत नेऊन परिणाम बघायचा असेल, किंवा औषध म्हणून दावा करायचा असेल, तर गॅव्हाजच घ्यावे. मात्रा नेमकी जाते आणि चवीचा प्रश्न मिटतो. पण रोज धरून नळी घालण्याचा ताण शर्करा वाढवतो, त्यामुळे नियंत्रण गटालाही नुसते द्रावण नळीनेच द्यावे लागते. शिवाय ८ ग्रॅम प्रति किलो मेथीपूड नळीने जाणारच नाही; ती पाण्यात फुगते आणि नळी तुंबते. आहार म्हणून, तंतूंसकट, महिनोन्‌महिने देण्याच्या पदार्थासाठी खाद्यात मिसळणेच योग्य आहे. मधली वाट म्हणून आम्ही फुटाण्याच्या पिठाची छोटी गोळी करून त्यात दिवसाची मात्रा घालतो आणि संध्याकाळच्या खाद्याआधी देतो. आठवडाभराच्या सवयीनंतर बहुतेक उंदीर ती आपणहून खातात, आणि इतर सर्व गटांना साधी गोळी देता येते. अतिशय कडू पदार्थाला मात्र ही युक्तीही पुरत नाही.

माणसाशी तुलना करायची असेल तर उंदराची प्रति किलो मात्रा ६.२ ने भागतात. तुमच्या मधुमेही उंदरांची ८ ग्रॅम ही मात्रा ६० किलोच्या माणसासाठी दिवसाला सुमारे ७७ ग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना तेल काढलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम दिली होती, तेव्हा आकडा अशक्य कोटीतला नाही. पण सकाळी भिजवलेली चमचाभर मेथी खाणाऱ्या गृहस्थाला तो लागू पडतो असे प्रास्ताविकात सुचवू नका. आणि ही ८ ग्रॅमची मात्रा तुमच्या ५ टक्क्यांच्या गटाची, तीही ३५ ग्रॅम खाल्ले असेल तर. १० टक्क्यांच्या गटाने खाणे निम्मे केले असेल, तर त्याच्याही पोटात तितकीच मेथी गेली असेल.

हातात असलेल्या माहितीचे काय करायचे? खाद्याच्या नोंदी रोजच्या असतील तर आठवडावार प्रति किलो मात्रा काढा आणि चारही आठवड्यांचे आकडे तक्त्यात द्या. एकच सरासरी देऊ नका. सांडलेले खाद्य मोजले नसेल तर तसे स्पष्ट लिहा आणि त्या आकड्याला 'कमाल शक्य मात्रा' म्हणा. ५ टक्क्यांच्या गटाचे वजन टिकले असेल, तर प्रबंधाचा भर त्या गटावर ठेवा. १० टक्क्यांच्या गटाचा निकाल वगळू नका. त्याचा दुसरा अर्थही निघतो, हे चर्चेच्या प्रकरणात स्वतःच मांडा, म्हणजे परीक्षकांना ते शोधून काढावे लागणार नाही. सगळा प्रयोग पुन्हा करण्याची मला गरज दिसत नाही. ५ टक्के मेथीचा एक गट, त्याचा जोडगट आणि गवार गमचा एक गट एवढे नव्याने केले तरी प्रश्नाचा निकाल लागेल. हे जादा उंदीर मूळ मंजुरीत नसतील, तेव्हा संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे सुधारित प्रस्ताव आधी द्या आणि मंजुरी हातात आल्यावरच उंदीर मागवा. आणि या वेळी प्राणीगृहातल्या काकांना रोज संध्याकाळी विचारा की कोण खातो आहे आणि कोण नुसते उकरतो आहे.